सलग की आलटून-पालटून? कीटो आहाराच्या दोन पद्धती आणि अंगातली चरबी

कीटो आहार सुरू केला की पहिल्याच आठवड्यात वजन दोन-तीन किलोंनी उतरते. घरच्यांना बरे वाटते, जिममधला ट्रेनर पाठ थोपटतो आणि आहार लागू पडला अशी खात्री होते. पण त्या दोन-तीन किलोंत चरबी अगदी थोडी असते; बाकीचे बहुतेक पाणी असते. आपल्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठलेले असते. जेवणातून आलेले ग्लुकोज शरीर या रूपात हाताशी ठेवते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले राहते. भात, पोळी, साखर बंद झाली की हा साठा ओसरतो आणि त्याचे पाणी सुटते. त्यातच इन्सुलिन खाली आल्यामुळे मूत्रपिंडे जास्त मीठ बाहेर टाकतात आणि मिठामागून आणखी पाणी जाते. पुन्हा दोन दिवस पोटभर भात-पोळी खाल्ली की यातले बरेचसे वजन परत येते. चरबी मात्र दोन्ही वेळी जवळपास होती तेवढीच असते.

वजन आणि चरबी यांतला हा फरक ज्याने ध्यानात ठेवला, त्यालाच पुढची तुलना नीट कळेल. कारण ज्या दोन पद्धती इथे शेजारी ठेवल्या आहेत, त्यांपैकी एकीत हे पाणी एकदाच जाते आणि दुसरीत ते दर आठवड्याला जाते-येते.

स्टँडर्ड कीटो म्हणजे रोज, खंड न पाडता, कर्बोदके २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवायची, प्रथिने बेताने घ्यायची आणि बाकीची सारी ऊर्जा तूप, तेल, लोणी, नारळ, दाणे, अंडी, मासे, मटण, पनीर यांतल्या स्निग्धांशातून मिळवायची. एकूण कॅलरींपैकी ७० ते ७५ टक्के अशा रीतीने स्निग्धांशातून येतात. सायक्लिकल कीटोमध्ये आठवड्याचे पाच-सहा दिवस हेच पथ्य असते. उरलेल्या एक-दोन दिवसांत सगळे उलटे करायचे: कर्बोदके ६० ते ७० टक्क्यांपर्यंत न्यायची आणि स्निग्धांश अगदी खाली आणायचा. जिममध्ये याला कार्ब लोडिंग किंवा रिफीड म्हणतात. उलट्या दिवसांत तूप-तेल कमी ठेवायचे, हा यातला अर्धा नियम लोक सर्रास सोडून देतात. त्याची किंमत किती मोठी आहे ते पुढे येईलच.

मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकावे हे बरे. चरबी कमी करणे एवढाच हेतू असेल, तर आहारात चक्र आहे की नाही याने निकाल ठरत नाही. पूर्ण आठवड्यात ऊर्जा किती कमी घेतली, प्रथिने पुरेशी मिळाली का, आणि हे सारे किती महिने निभले, यांवर चरबीचा हिशेब ठरतो. चक्री पद्धत एका विशिष्ट शरीरासाठी आणि एका विशिष्ट व्यायामासाठी घडवली गेली. ते शरीर आणि तो व्यायाम बाजूला ठेवून तिच्यातले फक्त दोन दिवस उचलले, की तिच्यातला अर्थच निघून जातो. हे समजायला दोन्ही पद्धती कुठून आल्या ते पाहावे लागते.

सलग कीटो रुग्णालयात जन्मला. अपस्माराच्या रुग्णाला उपाशी ठेवले की झटके कमी होतात, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना दिसत होते. पण वाढत्या वयाच्या मुलाला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी सुचवले की उपास न घडवता उपासाचा परिणाम साधता येईल. स्निग्धांश खूप आणि कर्बोदके नाममात्र दिली, तर यकृत चरबीपासून कीटोन बनवू लागते आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरतो; या अवस्थेला कीटोसिस म्हणतात. त्याच संस्थेतील मायनी पीटरमन यांनी पुढे मात्रा ठरवून दिली: मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ग्रॅम प्रथिने, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदके, बाकी सारा स्निग्धांश. १९३८ मध्ये झटक्यांवर फेनिटॉइन या औषधाचा उपयोग लक्षात आला, गोळी देणे आहारापेक्षा कितीतरी सोपे होते, आणि ही पद्धत मागे पडली. मोजक्या रुग्णालयांनी ती जिवंत ठेवली. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स त्यांपैकी एक. तिथे १९९० च्या दशकात चार्ली अब्राहम्स नावाच्या लहानग्याचे, कोणत्याही औषधाला न जुमानणारे झटके या आहाराने थांबले. त्याचे वडील जिम अब्राहम्स हे चित्रपट दिग्दर्शक. त्यांनी १९९४ मध्ये मुलाच्या नावाने प्रतिष्ठान काढले आणि १९९७ मध्ये मेरिल स्ट्रीपला घेऊन या विषयावर चित्रपटही केला.

या मुलांच्या आयांनी भाजीचा प्रत्येक तुकडा काट्यावर तोलला आहे. एक बिस्कीट खाल्ले तरी झटका परत येण्याची भीती. तिथे सलगपणा हीच औषधाची मात्रा होती. आज चरबी घटवण्यासाठी कीटो करणारा माणूस एका पोळीने घाबरतो आणि ‘कीटोसिस तुटली’ म्हणून हळहळतो, तेव्हा ती भीती मुळात दुसऱ्या आजारातून, दुसऱ्या घरातून आलेली असते. त्याच्या चरबीला त्या एका पोळीने काहीच होत नाही, दिवसाचा हिशेब सांभाळलेला असला तर.

वजन घटवण्याच्या दुनियेत हा विचार १९७२ साली रॉबर्ट अॅटकिन्स यांच्या पुस्तकाने धडाक्यात आला. चक्री पद्धत त्यानंतरची, आणि तिचे गाव वेगळे. ती शरीरसौष्ठवपटूंची. मौरो डी पास्क्वाले हे कॅनडाचे डॉक्टर आणि स्वतः पॉवरलिफ्टर. त्यांनी १९९५ मध्ये ‘अॅनाबोलिक डाएट’ या नावाने पाच दिवस कमी कर्बोदके आणि शनिवार-रविवार भरपूर कर्बोदके अशी आखणी मांडली. पुढच्याच वर्षी डॅन ड्यूशेन यांचे ‘बॉडीओपस’ आले. १९९८ मध्ये लाइल मॅक्डोनाल्ड यांनी या साऱ्याची शरीरशास्त्राच्या अंगाने छाननी करणारा जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात स्टँडर्ड, सायक्लिकल आणि फक्त व्यायामाच्या वेळेपुरती कर्बोदके घेण्याची टार्गेटेड, अशा तीन पद्धती त्यांनी वेगळ्या करून दाखवल्या. आज सगळीकडे फिरणारी वर्गवारी तीच आहे.

या मंडळींची अडचण तुमच्या-आमच्यासारखी नव्हती. स्पर्धेच्या तोंडावर त्यांच्या अंगात आधीच चरबी कमी असते. उरलेली थोडी चरबी घालवायची आणि वर्षानुवर्षे कमावलेला स्नायू जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा पेच. स्नायू टिकवायचा तर जड वजने उचलत राहावे लागते, आणि आठ-दहा वेळा जोरात वजन उचलण्याचे काम चरबीवर भागत नाही; त्या वेगाने ऊर्जा ग्लायकोजेनच देऊ शकते. सलग कीटोवर तिसऱ्या-चौथ्या सेटला हात गळतात, ते यामुळे. म्हणून त्यांनी आठवडाच व्यायामाभोवती बांधला. सोमवार-मंगळवारी, स्नायूंत साठा असताना, जड वजने. बुधवार-गुरुवारी हलके काम किंवा विश्रांती. शुक्रवारी संपूर्ण शरीराचा लांबलचक व्यायाम, ज्याने उरलासुरला साठा पुरता रिकामा होतो. त्या व्यायामानंतर लगेच कार्ब लोडिंग सुरू आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बंद.

यातला शुक्रवारचा व्यायाम हा कणा आहे. रिकामा झालेला स्नायू ग्लुकोज अधाशासारखे ओढून घेतो. स्वित्झर्लंडमध्ये केविन अॅचेसन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवावा. आधी कमी कर्बोदके आणि व्यायाम यांनी साठा उतरवला, मग काही दिवस प्रचंड प्रमाणात कर्बोदके दिली. सुमारे अर्धा किलो ग्लायकोजेन वाढेपर्यंत कर्बोदकांपासून नवी चरबी तयार होण्याचे प्रमाण नगण्य राहिले. चक्री कीटोचे समर्थक म्हणतात की त्या दोन दिवसांतला भात पोटावर जात नाही, आणि त्या म्हणण्याला हा आधार आहे. पण तो आधार अटींचा आहे. साठा खरोखर रिकामा झालेला हवा. आणि त्या दिवशी स्निग्धांश खरोखर कमी हवा, कारण शरीर जेव्हा मिळालेली कर्बोदके जाळत असते तेव्हा सोबत आलेले तूप-तेल जाळायची त्याला गरज उरत नाही. ते सरळ साठ्यात जाते. मऊ भात, साधे वरण, उकडलेली रताळी, इडली, केळी हे लोडिंगचे जेवण झाले. वडापाव, मिसळ, बिर्याणी, श्रीखंड-पुरी, तुपात भिजलेली पुरणपोळी यांत कर्बोदके आणि स्निग्धांश एकाच घासात येतात. चक्री आहार घेणाऱ्या बहुतेकांच्या रविवारी ताटात नेमके हेच असते, आणि शुक्रवारचा व्यायाम झालेला नसतो.

आकडे मांडून पाहू. एखाद्याची रोजची गरज २२०० कॅलरी आहे. सलग कीटोवर तो रोज १७०० खातो. आठवड्याची तूट ३५०० कॅलरी. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी धरल्या, तर आठवड्याला साडेचारशे ग्रॅम चरबी जाते. आता तोच माणूस चक्री पद्धतीने पाच दिवस १७०० खातो, तूट २५००. शनिवार-रविवारी ‘आज मोकळीक आहे’ म्हणून तो गरजेपेक्षा हजार-हजार कॅलरी जास्त खातो, म्हणजे एखादी मिसळ, चार पुऱ्या, दोन वाट्या बासुंदी. आठवड्याची तूट उरली ५००. चरबी गेली ६५ ग्रॅम. पाच दिवसांचा संयम दोन दिवसांत जवळजवळ पुसला गेला. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही, की काटा त्याला हे सांगत नाही. सोमवारी पाण्यामुळे दीड-दोन किलो वाढलेले दिसतात, शुक्रवारपर्यंत ते उतरतात, आणि ‘या आठवड्यात दोन किलो घटवले’ असे समाधान त्याला दर आठवड्याला नव्याने मिळत राहते. तीन महिन्यांनी पँटचा कमरेचा हुक मात्र तिथेच असतो. अशी प्रामाणिक मेहनत वाया जाताना पाहणे फार वाईट असते, आणि ही तुलना मराठीत सविस्तर यावी असे मला वाटण्याचे मुख्य कारण हेच.

चक्री पद्धत शिस्तीने केली, लोडिंगच्या दिवशीही एकूण आठवड्याची तूट राखली, तर चरबी सलग कीटोइतकीच जाऊ शकते. हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवे.

मग कीटोसिसचे काय? लोडिंगनंतर रक्तातले कीटोन पुन्हा वर यायला एक ते तीन दिवस लागतात. सात दिवसांच्या चक्रात खऱ्या कीटोसिसचे दिवस तीन-चारच पडतात. सलग कीटोवाले हे वाक्य चक्री पद्धतीविरुद्धचा अखेरचा पुरावा म्हणून मांडतात. त्यामागे समज असा की कीटोन जितके जास्त तितकी चरबी जास्त जळते. पण कीटोन कुठल्या चरबीपासून बनले, अंगातल्या की ताटातल्या, हे कीटोन तपासण्याच्या पट्टीवरचा रंग सांगत नाही. कॉफीत दोन चमचे लोणी घालून प्यायले तरी कीटोन वर जातील, आणि जळेल ते लोणी.

महाराष्ट्रात इन्सुलिनचे नाव घरोघरी पोचले ते डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर उभ्या असलेल्या, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीमुळे. त्यामुळे इन्सुलिन खाली ठेवले की चरबी आपोआप सुटते, हे आपल्याकडच्या वाचकाला पटकन पटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी याचीच परीक्षा घेतली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १७ पुरुषांना आठ आठवडे संस्थेतच ठेवले होते, म्हणजे चोरून खाण्याचा प्रश्न नव्हता. चार आठवडे कर्बोदके भरपूर असलेला आहार, मग चार आठवडे तितक्याच कॅलरींचा कीटो. इन्सुलिन जवळपास निम्म्यावर आले. ऊर्जेचा खर्च थोडा वाढला. पण चरबी घटण्याचा वेग वाढला नाही, सुरुवातीला तो मंदावलाच. २०२१ मध्ये त्यांनीच २० जणांना दोन-दोन आठवडे वेगवेगळा आहार हवा तेवढा खायला दिला. कीटो आणि कमी स्निग्धांशाचा वनस्पतिजन्य आहार, दोन्हींवर वजन उतरले. चरबीतली ठळक घट मात्र फक्त दुसऱ्या आहारावर दिसली. पुन्हा तेच, वजन वेगळे आणि चरबी वेगळी. हॉल यांच्या या निष्कर्षाला विरोध आहे. हार्वर्डचे डेव्हिड लुडविग आणि कारा एबेलिंग यांच्या २०१८ च्या १६४ जणांवरील अभ्यासात, वजन उतरवल्यानंतर कमी कर्बोदके खाणाऱ्यांचा ऊर्जाखर्च दिवसाला सुमारे २०० कॅलरींनी जास्त आढळला, आणि मोजणीच्या पद्धतीवरून दोन्ही बाजूंत आजही वाद चालू आहे. पण त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना वर्षभर पाहिले, तेव्हा कमी स्निग्धांशवाल्यांचे सरासरी ५.३ किलो आणि कमी कर्बोदकेवाल्यांचे ६ किलो वजन उतरले होते. सांख्यिकीच्या दृष्टीने यात फरक नाही.

हे वाचून कीटोचा उपयोगच नाही असा अर्थ काढू नये. कीटोवर अनेकांची भूक खरोखर शांत होते. सकाळी अंडी-पनीर खाल्लेल्या माणसाला अकरा वाजता बिस्किटांची आठवण येत नाही, तो आपणहून कमी खातो, आणि चरबी त्या कमी खाण्यामुळे जाते. सलग कीटोची ताकद असेल तर ती इथे आहे. भूक स्थिरावायला आणि शरीर चरबीवर नीट चालू लागायला काही आठवडे लागतात, आणि त्या काळात दर शनिवारी घडी मोडली तर हा फायदा हाती लागण्याआधीच सुटतो. डी पास्क्वाले यांनीही पहिल्या लोडिंगपूर्वी बारा दिवस सलग पथ्य सांगितले होते, ते उगाच नव्हे. गोडाची ओढ असलेल्यांना तर दोन दिवसांची मोकळीक जड जाते. सोमवारी परत पथ्यावर येताना डोके दुखते, चिडचिड होते, अंग गळते, आणि हा त्रास त्यांना दर आठवड्याला नव्याने सोसावा लागतो. मीठ-पाणी वाढवले, सूप घेतले तर तो बराच कमी होतो, हे जाता जाता सांगून ठेवते.

चक्री पद्धतीवर थेट घेतलेली परीक्षा म्हणून प्रागमधल्या संशोधकांचा २०२० चा प्रयोग महत्त्वाचा आहे. २५ निरोगी तरुण पुरुष, आठ आठवडे, दोन्ही गटांना रोज सुमारे ५०० कॅलरींची तूट आणि सारखाच व्यायाम. एका गटाला चक्री कीटो, दुसऱ्याला सर्व घटक असलेला साधा संतुलित आहार. चरबी दोन्ही गटांत उतरली. पण चक्री कीटोच्या गटात चरबीशिवायचे वजन आणि पाणीही घटले, दुसऱ्या गटात ते टिकले. ताकद आणि दमसास संतुलित आहारवाल्यांचा वाढला. चक्री कीटोवाल्यांचा होता तिथेच राहिला. जी पद्धत स्नायू आणि ताकद वाचवण्यासाठी जन्मली, तिने तरुण, व्यायाम करणाऱ्या शरीरातही साध्या आहारावर मात केली नाही. लहान प्रयोग आहे, तो एकटा निवाडा करू शकत नाही. तरीही ‘लोडिंग केले की स्नायू सुरक्षित’ हे वाक्य इतक्या ठामपणे ऐकू येते, की हा निकाल समोर असायलाच हवा.

चयापचयाबद्दलचा दावाही असाच तपासून घ्यावा. कमी खात राहिले की लेप्टिन हे संप्रेरक उतरते, भूक वाढते, शरीर काटकसर करू लागते. मध्ये कर्बोदके दिली की लेप्टिन वर येते आणि भट्टी पुन्हा पेटते, असे सांगितले जाते. लेप्टिनचा शोध १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि त्यानंतर लगेच हा युक्तिवाद जिममध्ये शिरला. त्यात तथ्य आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन दिवस गरजेपेक्षा ४० टक्के जास्त कर्बोदकांचे जेवण दिल्यावर लेप्टिन सुमारे २८ टक्के आणि ऊर्जाखर्च ७ टक्के वाढला होता. पण ४० टक्के जास्त खाऊन ७ टक्के जास्त जाळणे, यात तूट कुठून येणार? शिवाय पथ्य सुरू झाले की लेप्टिन पुन्हा खाली येते.

आता आपल्या शरीराबद्दल, कारण वरचे बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य देशांतले आहेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापले. त्यात ते आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा आणि उंचीची पट्टी दोघांना सारखेच ठरवते. आतला माणूस वेगळा असतो. आपण भारतीय सडपातळ दिसतो तेव्हाही स्नायू कमी आणि पोटातली चरबी जास्त घेऊन फिरत असतो, हे याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांच्या आणि त्यांच्या मुलांच्या अभ्यासातून दाखवले आहे. म्हणून आपल्याकडे स्नायू गमावून उतरवलेले वजन दुप्पट महाग पडते. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ओलांडला की धोका धरतात. कीटो सलग असो वा चक्री, ज्याने दर दोन आठवड्यांनी त्याच वारी, त्याच वेळी, बेंबीच्या पातळीवर टेप लावली, त्याला खरी बातमी मिळेल. चक्री आहारवाल्याने तर वजन करायचे ते लोडिंगच्या आदल्या सकाळीच करावे, आणि एका आठवड्याच्या आकड्याची तुलना मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराच्या आकड्याशी करावी.

स्वयंपाकघरात आल्यावर प्रश्न आणखी अवघड होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२५ मधल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या एकूण ऊर्जेतला ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा आहे. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत ३५-४० ग्रॅम कर्बोदके जातात, म्हणजे दिवसाचा कीटोचा वाटा एका भाकरीत संपला. मासळी-नारळाचे कोकणी आणि गोव्याचे जेवण भात बाजूला ठेवला तर कीटोच्या पुष्कळ जवळ येते. तळलेला बांगडा, सुकट, सोलकढी, अंड्याची भुर्जी, पालेभाज्या. शाकाहारी घरात मात्र आपले प्रथिनांचे मुख्य साधन डाळ, आणि तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत २२ ग्रॅम प्रथिनांसोबत ५५ ग्रॅमहून जास्त कर्बोदके येतात. डाळी, उसळी सुटल्या की उरतात पनीर, टोफू, दही, चीज, शेंगदाणे, आणि ताटात तूप-लोणी वाढत जाते पण प्रथिने वाढत नाहीत. निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. चरबी उतरवताना स्नायू राखायचा तर १.२ ते १.६ ग्रॅम हवीत. सत्तर किलोच्या माणसाला हे ८४ ते ११२ ग्रॅम झाले. शुद्ध शाकाहारी सलग कीटोवर एवढे गाठणे फार थोड्यांना जमते. अशा घरात चक्री पद्धतीच्या दोन दिवसांना एक वेगळी किंमत येते: त्या दिवशी मूग, मटकी, मसूर, फळे परत येतात, पोट साफ होते, आतड्याला तंतू मिळतात. शाकाहारी माणसाने कीटो करायचाच असेल तर मी त्याला सलग पद्धतीचा आग्रह धरणार नाही.

आणि माणूस एकटा जेवत नाही. लग्नसराई, चतुर्थीचे उकडीचे मोदक, रविवारची सगळ्यांची एकत्र पंगत. पाच दिवस वेगळे ताट वाढून घेणाऱ्या सुनेला दोन दिवस सगळ्यांसोबत जेवता येणे ही लहान गोष्ट नाही, आणि कित्येकांचा आहार यामुळेच टिकतो. आपले उपासही मध्ये येतात. गुरुवार किंवा एकादशी कीटोच्या दिवसांत आली की साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, पथ्याच्या मधोमध येऊन बसते. चक्र आखायचे तर असा वार धरून आखावे. शनिवार-रविवार हा कॅनडातल्या व्यायामपटूंच्या सोयीचा वार होता. त्यात शास्त्र काही नाही.

तेव्हा कोणी काय करावे? ज्याच्या अंगात चरबी भरपूर आहे, व्यायाम म्हणजे चालणे आणि थोडेफार हलके वजन, त्याने कीटो निवडलाच तर सलग निवडावा. त्याच्या स्नायूंचा साठा पाच दिवसांत पुरता रिकामा होत नाही, म्हणून लोडिंगने भरायला जागाही थोडीच असते. आठवड्यातून चार-पाच दिवस जड वजने उचलणारा, आधीच बऱ्यापैकी सडपातळ असलेला, दोन दिवसही ग्रॅम मोजून खाण्याची तयारी असलेला, त्याने चक्री पद्धत करून पाहावी. या दोघांच्या मधल्या प्रचंड मोठ्या गटाला, भात निम्मा, डाळ दुप्पट, साखर बंद आणि तळण क्वचित, एवढ्याने चरबी उतरताना दिसेल. त्याला कीटोच हवा असा माझा हट्ट नाही.

शेवटी औषधांचे, आणि इथे मी सर्वांत आग्रही आहे. आपल्या देशात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांतले अनेकजण चरबी घटवण्यासाठी कोणालाही न विचारता कीटो सुरू करतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या, ज्यांतली पहिली २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून इथे स्वस्तात मिळते, कीटोसोबत घेतल्या तर रक्तात आम्ल साचण्याचा जीवघेणा प्रकार होऊ शकतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर अचानक खाली जाते. रक्तदाबाच्या गोळीचा डोसही पाणी-मीठ सुटल्यावर जास्त होऊ शकतो. सलग कीटोवर डॉक्टर एकदा डोस बसवून देऊ शकतात. चक्री कीटोवर पाच दिवसांचा डोस आणि दोन दिवसांचा डोस वेगळा पडतो, आणि हे घरी बसून कोणी सांभाळू शकत नाही. निरोगी माणसातही काही दिवस कर्बोदके सोडल्यावर शरीर ग्लुकोज पटकन हाताळेनासे होते. ग्लुकोजची चाचणी घेण्यापूर्वी तीन दिवस नेहमीसारखे जेवायला सांगतात ते यासाठी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१९ मध्ये नऊ तरुणांना सात दिवस असा आहार देऊन मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजले, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा झाल्याच्या खुणा रक्तात वाढलेल्या दिसल्या. म्हणून लोडिंगची सुरुवात कोल्ड्रिंकने किंवा गुलाबजामाने करू नये. भात-वरणाने, थोड्या-थोड्या अंतराने, व्यायामानंतर करावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, टाइप १ मधुमेहाचे रुग्ण, मूत्रपिंड किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेले, आणि कधीकाळी अधाशीपणे खाण्याच्या आजाराशी झगडलेले, यांनी दोन्हींपैकी कोणतीच पद्धत स्वतःहून सुरू करू नये. बाकीच्यांनीही आधी लिपिड प्रोफाइल करून घ्यावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा करावे, कारण काहींचे एलडीएल कीटोवर खूप वर जाते. रोज कोणतीही गोळी घेत असाल तर पहिल्या दिवसापूर्वी त्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि ‘कीटो करणार आहे’ एवढेच न सांगता कोणत्या वारी किती कर्बोदके खाणार ते कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा.